गेटवरची पाटी काढा, पण फोटो काढल्याशिवाय जुना मीटर काढू देऊ नका

प्रति,
महावितरणच्या हद्दीतील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि सभासद

स. न. वि. वि.

'या इमारतीत स्मार्ट मीटर बसवू दिले जाणार नाहीत' अशा पाट्या बऱ्याच सोसायट्यांच्या गेटवर लागल्या आहेत. काहींनी सर्वसाधारण सभेत तसा ठरावही घेतला आहे. गंमत अशी की पाटी लावून झाली की मीटर रूमकडे कोणी फिरकत नाही. भरदुपारी घरं बंद असताना वीस मीटर तासाभरात बदलून जातात आणि जुन्या रीडिंगचा कागद कोणाकडेच राहत नाही. आम्ही मीटर-चाचणी आणि वायरिंगच्या कामातले लोक आहोत. आमचं मत विचाराल तर हा दूरवरून रीडिंग पाठवणारा मीटर घ्या. मात्र तो बदलण्याची दहा-पंधरा मिनिटं तुमच्या नजरेखाली जाऊ द्या, कारण बिलाची बहुतेक भांडणं तिथेच जन्माला येतात.

आधी ठरावाबद्दल. वीजपुरवठ्याचा करार प्रत्येक सभासदाचा महावितरणशी स्वतंत्र असतो, त्यामुळे सोसायटीने सगळ्यांच्या वतीने दिलेला नकार कायद्यात फार टिकत नाही. वीज कायदा २००३ चं कलम ५५ सांगतं की पुरवठा योग्य मीटरमधूनच व्हायला हवा आणि तो मीटर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत बसणारा हवा. स्वतःचा मीटर विकत घेण्याचा हक्क त्याच कलमात आहे, पण विकतचा मीटरही त्याच नियमांतला लागतो, म्हणजे जुना साधा मीटर त्या वाटेने वाचत नाही. कलम १६३ प्रमाणे पूर्वकल्पना देऊन आलेल्या अधिकृत माणसाला आत येऊ दिलं नाही, तर लेखी नोटीस देऊन २४ तासांनंतर पुरवठा तोडता येतो. पाटीवर विसंबून राहणाऱ्याने एवढं वाचलेलं असावं.

प्रीपेडचं प्रकरण वेगळं आहे, तिथे तुमचा विरोध रास्त आहे. प्राधिकरणाच्या नियमांच्या २०२२ च्या दुरुस्तीत 'प्रीपेमेंट पद्धतीने चालणारा स्मार्ट मीटर' असे शब्द आले. पण मूळ कायद्याच्या कलम ४७(५) मध्ये प्रीपेड हा ग्राहकाने तयारी दाखवली तर घ्यायचा पर्याय आहे, आणि तो घेतल्यास सुरक्षा ठेव मागता येत नाही. जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत असं जाहीर केलं. त्यानंतर तेच यंत्र 'टीओडी मीटर' (टाइम ऑफ डे, म्हणजे वापराची वेळ धरून मोजणारा) या नावाने, पोस्टपेड म्हणून दारात आलं. यंत्र एकच असलं तरी ते कोणत्या पद्धतीत चालेल हे दूरवरून आज्ञा पाठवून बदलता येतं. म्हणून मीटर बदलल्याच्या अहवालावर 'पोस्टपेड' हा शब्द लिहून घ्या. तो लिहायला नकार मिळाला तर त्या दिवशी काम थांबवा आणि उपविभागीय कार्यालयाला लेखी पत्र देऊन पोच घ्या.

खर्चाचं म्हणाल तर 'मोफत' हा शब्द आम्हाला पटत नाही. २०२३ मध्ये दिलेल्या कंत्राटांत एका मीटरमागे, देखभालीसकट, सुमारे १२ हजार रुपये पडतात. केंद्राच्या वीज वितरण सुधारणेच्या आरडीएसएस योजनेतून महाराष्ट्राला मिळणारं अनुदान मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये. उरलेले पैसे महावितरण हप्त्याहप्त्याने कंत्राटदाराला देणार आणि वीज नियामक आयोगाने मान्य केलेला खर्च दरात उतरणार. यातली मेख लक्षात घ्या: तुम्ही दारातून मीटर परत पाठवला तरी दरात आलेला वाटा तुमच्या बिलातून जातोच. या खर्चाशी लढायची जागा वीज नियामक आयोगाची जाहीर सुनावणी आहे. तिथे लेखी हरकत कोणीही ग्राहक देऊ शकतो, आणि ठराव करायचाच असेल तर ती हरकत पाठवण्याचा करा.

आता मीटर रूममध्ये चला.

माणूस आला की ओळखपत्र बघा आणि कोणत्या ग्राहक क्रमांकासाठी कोणता मीटर आणलाय ते विचारा. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो, तो बिलावरून जुळवा. जुना मीटर सील तोडण्याआधी चालू असतानाच त्याचा फोटो काढा. अनुक्रमांक आणि केडब्ल्यूएच (म्हणजे युनिटचं) रीडिंग एकाच फोटोत हवं. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर आकडे पाळीपाळीने सरकतात, व्होल्टेज किंवा तारखेचा फोटो काढून लोक फसतात, त्यामुळे 'केडब्ल्यूएच' ही खूण दिसेपर्यंत थांबा. नव्या मीटरचाही तसाच फोटो: अनुक्रमांक, भारतीय मानक चिन्ह, सुरुवातीचं रीडिंग. ते शून्यच असेल असं नाही, कारखान्यातल्या चाचणीचे थोडे युनिट असू शकतात आणि बिलात ते वजा व्हायला हवेत. अहवालावर दोन्ही अनुक्रमांक, दोन्ही रीडिंग, सीलचे क्रमांक आणि तारीख आल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या अहवालावर तर मुळीच नाही.

मग वायर. सिंगल फेज मीटरला चार टर्मिनल, प्रत्येकाला साधारणपणे दोन स्क्रू. घाईत एकच आवळला जातो. दुसरी खोड म्हणजे जाड केबल टर्मिनलमध्ये जात नाही म्हणून तिचे दोन-चार तंतू कापून टाकणं. तिसरी, जुनी ॲल्युमिनियमची वायर नीट न घासता, लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) न लावता तशीच खुपसणं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो आणि दाबाखाली ते हळूहळू पसरतं, त्यामुळे आज घट्ट वाटलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल असतो. सैल जोडाचा रोध एक दशांश ओहम धरा आणि गीझर-एसी मिळून १५ ॲम्पिअर वाहतायत असं समजा. त्या एका बिंदूवर साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचा २५ वॅटचा कैया (सोल्डरिंग आयर्न) प्लॅस्टिकच्या डब्यात चालू ठेवून झाकण लावल्यासारखंच ते. 'स्मार्ट मीटर जळाला' म्हणून फिरणाऱ्या फोटोंत टर्मिनलची बाजू काळी आणि वरचा पडदा शाबूत दिसला, तर दोष बहुधा जोडाचा आहे. बसवणाऱ्याला झाकण लावण्याआधी प्रत्येक वायर ओढून दाखवायला सांगा, आणि इन्सुलेशन टर्मिनलच्या तोंडापर्यंत आलंय का ते बघा. झाकण लागून सील झालं की ते उघडायचा अधिकार ना तुम्हाला ना आम्हाला.

तीन फेजची सर्व्हिस असलेल्या इमारतीत न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या वायरचा, जोड जास्त जपावा लागतो. मुख्य न्यूट्रल लिंक सुटली तर काही घरांत दिवे मिणमिणतात आणि काहींत २३० ऐवजी ३००-४०० व्होल्ट जाऊन टीव्ही, फ्रिज, राउटर एका झटक्यात जातात. मीटर बदलायची तारीख कळली की त्याआधी सोसायटीने परवानाधारक कंत्राटदाराकडून आपल्या ताब्यातल्या वायरिंगची तपासणी करून घ्यावी. वायरचं इन्सुलेशन हात लावताच गळून पडत असेल, तर आधी वायर बदला, मीटर नंतर येऊ दे.

जोडणी झाली की अदलाबदल तपासा. मीटर रूममध्ये ३०१ चा मीटर ३०२ च्या नावावर चढणं हे नवलाचं नाही आणि ते कळायला कधीकधी वर्ष लागतं. एकाने घरी जाऊन मेन स्विच बंद करायचा, दुसऱ्याने खाली उभं राहून फोनवर सांगायचं की कोणत्या मीटरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबला. एका घराला एक मिनिट पुरतं.

याच वेळी आणखी एक जुनं दुखणं सापडतं, आणि त्यावर थोडं सविस्तर लिहावं लागेल. आपल्याकडचे इलेक्ट्रॉनिक मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह मोजतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात. अर्थिंगवर लोड चालवून होणारी चोरी पकडायला ही सोय आहे. जुना चकतीचा मीटर फक्त फेज बघायचा. जुन्या इमारतींत, चाळींत, किंवा एका फ्लॅटचे दोन केले तिथे, दोन घरांचे न्यूट्रल आत कुठेतरी एकत्र बांधलेले असतात. इन्व्हर्टर बसवताना तर हे हमखास होतं. अशा घरात शेजाऱ्याचा परतीचा प्रवाह तुमच्या मीटरमधून जातो आणि मीटर इमानेइतबारे तो तुमच्या नावावर लिहितो. चकतीच्या मीटरखाली हे वर्षानुवर्षं झाकलेलं राहिलं, नवा मीटर आला की बिल उसळतं आणि शिव्या मीटरला पडतात. ओळखायची रीत अशी: घरातला फक्त फेज तोडणारा सिंगल पोल एमसीबी खाली करा आणि मीटरचा लाल दिवा पाच मिनिटं बघा. लुकलुकत राहिला तर आता डबल पोल मेन बंद करा, म्हणजे न्यूट्रलही तुटेल. आता थांबला तर न्यूट्रल जोडलेला आहे, वायरमन बोलवून वेगळा करून घ्या. डबल पोल बंद करूनही दिवा चालूच राहिला तर मीटर आणि मेन यांच्या मधल्या वायरमध्ये गळती आहे किंवा कोणीतरी तिथून वीज घेतंय.

मीटर जोरात पळतो का, हेही घरच्या घरी बऱ्यापैकी कळतं. मीटरवर 'इम्प/केडब्ल्यूएच' असं लिहून एक आकडा छापलेला असतो, बहुतेक वेळा ३२००. म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. सगळं बंद करून फक्त पाणी तापवायचा रॉड लावा. वायरमनच्या टाँग टेस्टरने (वायरभोवती अडकवायचा चिमटा) प्रवाह मोजा, मल्टिमीटरने व्होल्टेज. ६.५ ॲम्पिअर आणि २३० व्होल्ट असतील तर १,४९५ वॅट झाले, आणि मिनिटाला जवळपास ८० लुकलुकी यायला हव्यात. ७९ किंवा ८१ मोजल्या तर मीटर ठीक आहे. ९५ आल्या तर तक्रार करा. रॉडवर छापलेल्या वॅटवर मात्र हिशेब करू नका. १,५०० वॅटचा रॉड २४५ व्होल्टला सुमारे १,७०० वॅट खातो, आणि रात्री उशिरा व्होल्टेज चढलेलंच असतं.

हे मीटर क्लास १ चे, म्हणजे चूक एका टक्क्याच्या आसपास अपेक्षित. गेली काही वर्षं लागलेले साधे इलेक्ट्रॉनिक मीटरही याच वर्गातले होते. त्यामुळे इलेक्ट्रॉनिकच्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटर आला आणि बिल दीडपट झालं, तर कारण मोजणीच्या बारीक फरकात सापडणार नाही. चकतीचा मीटर गेला असेल तर गोष्ट निराळी, घासलेल्या बेअरिंगमुळे ते मागे पडायचे आणि छोटा लोड त्यांना हलवतही नसे. आताचा मीटर पाचेक वॅटलाही जागा होतो. रात्रंदिवस चालू राहणारा १२ वॅटचा सेट टॉप बॉक्स महिन्याला साडेआठ युनिट घेतो. आधीही घेत होता.

बिल उसळण्याचं आणखी एक कारण कागदावरचं आहे. आधीचे दोन महिने रीडिंग न घेता सरासरी बिल आलेलं असतं आणि मीटर बदलताना खरं रीडिंग उघड होतं. समजा तीन महिन्यांचे ५४० युनिट एकदम निघाले. एका महिन्याचे म्हणून आकारले तर २०० युनिट ३०१ ते ५०० च्या टप्प्यात आणि ४० त्याच्याही वरच्या दरात जातात. खरं तर महिन्याला १८० प्रमाणे एकही युनिट ३०० च्या वर जायला नको. असे युनिट महिन्यांवर वाटून बिल करण्याला कार्यालयात 'स्लॅब बेनिफिट' म्हणतात. हाच शब्द वापरून अर्ज करा, काम लवकर होतं. जुन्या रीडिंगचा फोटो नसेल तर हा अर्ज लंगडा पडतो, फोटोचा आग्रह त्यासाठीच.

छतावर सोलर असलेल्यांनी दुप्पट सावध राहावं. स्मार्ट मीटर दोन पद्धतींत चालवता येतो. साध्या पद्धतीत वीज कोणत्याही दिशेने गेली तरी ती वापर म्हणूनच मोजली जाते, हीसुद्धा चोरीविरोधी सोय. नेट मीटरिंगसाठी तो आयात-निर्यात पद्धतीत लावलेला असायला लागतो. ते राहून गेलं तर तुम्ही ग्रिडला दिलेली वीज तुमच्याच बिलात जमा होते. भर दुपारी उन्हात घरातला लोड बंद करा आणि पडद्यावर १.८.० (आयात) आणि २.८.० (निर्यात) हे दोन आकडे अर्धा तास बघा. २.८.० वाढला पाहिजे. १.८.० वाढत असेल तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या.

मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायला परवानगी आहे तो आकडा, बिलावर असतो, आजवर कोणी वाचला नसेल. जुन्या फ्लॅटांना तो एक-दोन किलोवॅटच असतो. दोन किलोवॅटचा गीझर, दीड टनाचा एसी आणि इस्त्री एकत्र चालली की साडेचारच्या पुढे जातो, आणि नवा मीटर कमाल मागणी, म्हणजे सर्वात जास्त ओढलेला भार, नोंदवतो. ग्राहक हक्क नियमांच्या जून २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे मीटर बसण्याआधीच्या काळासाठी या नोंदीवरून दंड लावता येत नाही, आणि एका आर्थिक वर्षात किमान तीनदा मर्यादा ओलांडली तरच भार वाढवता येतो. तरीही भार स्वतःहून नियमित करून घेतलेला बरा, कारण मीटरमधला रिले (आतला स्विच) ठरवलेल्या मर्यादेवर पुरवठा तोडण्यासाठीही लावता येतो.

तोच रिले दूरवरूनही चालवता येतो, त्यामुळे थकबाकीसाठी वीज तोडायला आता खांबावर चढावं लागत नाही. पण वीज कायद्याच्या कलम ५६ ची पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस पोस्टपेड ग्राहकाला आजही लागतेच. बिल चुकीचं वाटत असेल तर 'निषेध नोंदवून' असं लिहून, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी असेल ती भरा. वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही.

फायदा कुठे आहे? १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. नोकरदार जोडप्याच्या घरात याने फार काही होत नाही. १५ लिटरचं पाणी ३० अंशांनी तापवायला अर्धा युनिट लागतो, आंघोळ दुपारवर ढकलून चाळीस पैसे वाचवायला कोणी सांगणार नाही. खरी जागा सोसायटीचा पंप आहे. ५ एचपीचा पंप साधारण साडेचार किलोवॅट घेतो. रोज तीन तास चालला तर महिन्याला ४०५ युनिट, आणि सामायिक जोडणी घरगुती दरात असेल तर टायमर लावून तो सकाळी १० नंतर चालवला की ८० पैशांनी ३२४ रुपये सुटतात. पहाटे साडेपाचला पंप लावायची वॉचमनची सवय तेवढी मोडावी लागेल, आणि टाकी रात्रभर पुरेल एवढी हवी.

तळघरातल्या मीटर रूममध्ये मोबाइलची रेंज नसते, मग मीटर बोलत नाही आणि सरासरी बिल येतं. ते मान्य करू नका. रीडिंग मीटरच्या स्मृतीत साठलेलं असतं, ऑप्टिकल पोर्टवरून माणूस येऊन घेऊ शकतो. मीटरची अँटेना खोलीबाहेर बसवून मागा. रेडिएशनची भीती आम्हाला फारशी पटत नाही, खिशातला फोन त्याहून जवळ आणि जास्त वेळ बोलतो. माहितीची काळजी मात्र खरी आहे. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दिवसातल्या ४८ नोंदींवरून घर कधी रिकामं असतं हे कोणालाही वाचता येतं. ती कोणाकडे राहते, किती काळ राहते आणि कोणाला दिली जाते, हे लेखी विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सोसायटीने एकत्र विचारलं तर उत्तर येण्याची शक्यता वाढते.

शेवटी तक्रारीची वाट. नोंद खऱ्या वापराशी जुळत नाही अशी लेखी तक्रार द्या आणि ग्राहक हक्क नियमांच्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीचा उल्लेख करा. तक्रार मिळाल्यापासून पाच दिवसांत शेजारी दुसरा पडताळणी मीटर लावणं आणि तो किमान तीन महिने ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे. दोन्ही मीटरचं रीडिंग दर रविवारी एकाच वेळी वहीत लिहा. काम झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपाल. दोन्हीकडे वकील लागत नाही.

गेटवर पाटी हवीच असेल तर मजकूर असा ठेवा:

'मीटर बदलायला येणाऱ्यांनी आधी सचिवांना भेटावे. सभासद किंवा त्यांचा माणूस हजर असल्याशिवाय, आणि जुन्या रीडिंगचा फोटो काढल्याशिवाय, सील तोडू नये. अहवालाची प्रत इथेच द्यावी.'

कळावे,
मीटर-चाचणी आणि विद्युत कंत्राटदारीच्या कामातले काही जण